किल्ली दिवाणजीच्या कमरेला: वेब ॲपमधली गुपितं प्रॉक्सी सर्व्हरमागे कशी ठेवायची

काही वर्षांपूर्वी, सांगलीच्या मार्केट यार्डात नव्या हळदीची आवक सुरू झाली होती तेव्हाची गोष्ट. एका अडत पेढीसाठी मी छोटं वेब ॲप करून दिलं होतं. सौदा झाला, वजन झालं, पट्टी, म्हणजे मालाच्या विक्रीचा हिशेब, तयार झाली की शेतकऱ्याच्या मोबाईलवर एसएमएस जायचा. पंधरा दिवस सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी पेढीवरच्या आण्णांचा फोन आला. "अरे, रात्रीत काय झालं? ओळख ना पाळख अशी माणसं फोन करायला लागलीत, आमची कसली पट्टी म्हणून विचारतायत."

एसएमएसचं खातं उघडलं तर शिल्लक शून्य. व्यावसायिक एसएमएससाठी आपल्याकडे मजकुराचा साचा डीएलटी या टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेवर आधी नोंदवून घ्यावा लागतो. त्यामुळे चोराला स्वतःचा मजकूर पाठवता आला नव्हता, पण पेढीच्या नावानं पेढीचाच पट्टीचा मेसेज रात्रभर अनोळखी नंबरांवर गेला होता. रकमेच्या जागी वाटेल ते आकडे. पैशापेक्षा ते जास्त लागलं. अडतीचा धंदा शब्दावर चालतो, आणि त्या शब्दाला माझ्या कोडमुळे धक्का बसला होता. मी एसएमएस सेवेची किल्ली थेट ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टमध्ये लिहिली होती.

हा लेख नुकतंच वेब ॲप करायला लागलेल्यांसाठी आहे, हे तुमच्या हातून होऊ नये म्हणून. एक खुलासा आधीच करतो. बोलताना आपण 'एपीआय की' म्हणतो, पण मराठीत 'की' लिहिलं की वाक्यात घोळ होतो, म्हणून इथं सगळीकडे 'किल्ली' म्हटलंय. पासवर्ड, टोकन, सिक्रेट, ज्याच्या जोरावर बाहेरची सेवा आपलं ऐकते ते सगळं त्यात आलं.

आधी आपलंच ॲप उघडून बघा

क्रोममध्ये आपली साइट उघडा आणि एफ१२ दाबा. नेटवर्क टॅबवर जाऊन पान रिफ्रेश करा आणि ज्या बटणामुळे बाहेरच्या सेवेला हाक जाते ते बटण दाबा. यादीत ती रिक्वेस्ट दिसेल. तिच्यावर क्लिक करून हेडर्स (रिक्वेस्टसोबत जाणारी माहिती) आणि पेलोड (आतला मजकूर) नीट वाचा. मग त्याच खिडकीत कंट्रोल-शिफ्ट-एफ दाबून आपल्या किल्लीची पहिली सहा-सात अक्षरं शोधा. सापडली, तर ती तुमच्या साइटवर येणाऱ्या प्रत्येकाला सापडते. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते केल्याशिवाय पुढं वाचू नका. स्वतःची किल्ली स्वतःच्या स्क्रीनवर उघडी दिसली की बाकीचं सगळं आपोआप पटतं.

इथं बहुतेक जण म्हणतात, "पण मी ती एन्व्ह फाइलमध्ये ठेवलीय." (एन्व्ह, म्हणजे किल्ल्या आणि सेटिंग कोडबाहेर लिहून ठेवायची फाइल.) माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांचा हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. रिॲक्ट किंवा व्ह्यूचं ॲप बिल्ड होतं तेव्हा एन्व्ह फाइलमधली किंमत उचलून थेट जावास्क्रिप्टच्या बंडलमध्ये चिकटवली जाते. व्हीट हे बिल्ड करायचं साधन वापरत असाल तर ज्या व्हेरिएबलच्या नावाआधी व्हीट हे उपपद लावावं लागतं, ते सगळे ब्राउझरमध्ये जाणारच असतात. त्या उपपदाचा अर्थच 'हे उघड करा' असा आहे. नेक्स्टमध्ये तर उपपदात 'पब्लिक' असा शब्दच आहे. एन्व्ह फाइल गुपित राखते ती सर्व्हरवर, ब्राउझरसाठी केलेल्या बिल्डमध्ये नाही.

कोड मिनिफाय करणं, किल्लीचे दोन तुकडे करून जोडणं, बेस-६४ मध्ये लिहिणं, यातलं काहीच कुलूप नव्हे. रिक्वेस्ट बाहेर जाते तेव्हा नेटवर्क टॅबमध्ये किल्ली अख्खी दिसतेच. मोबाईल ॲपचंही तेच. अँड्रॉइड ॲपची एपीके ही शेवटी झिप फाइल आहे, ती उघडता येते.

कुठली किल्ली लपवायची

सगळ्याच किल्ल्या लपवायच्या नसतात, आणि हे न कळल्यामुळे नवखी मुलं नको तिथं घाम गाळतात. रेझरपे दोन गोष्टी देतं, की-आयडी आणि की-सिक्रेट. की-आयडी चेकआउटसाठी ब्राउझरमध्ये जाणारच, तो तसाच बनवलाय. सिक्रेट मात्र सर्व्हरबाहेर एक पाऊलही पडता कामा नये, कारण ऑर्डर त्यानंच तयार होते आणि पैसे खरंच आले का हे सहीवरून तपासायलाही तोच लागतो. गुगल मॅप्सचा नकाशा पानावर दाखवायचा तर त्याची किल्ली ब्राउझरमध्ये लागतेच. तिथं उपाय वेगळा: गुगलच्या कन्सोलमध्ये जाऊन ती फक्त आपल्या डोमेनपुरती आणि फक्त नकाशाच्या सेवेपुरती बांधून ठेवायची. फायरबेसच्या वेब कॉन्फिगमधली किल्ली म्हणजे नुसती ओळखचिठ्ठी. तिथला खरा पहारा सिक्युरिटी रूल्सचा असतो, ते रूल्स उघडे ठेवून किल्ली लपवण्यात काही अर्थ नाही.

माझी साधी कसोटी अशी: ही किल्ली अनोळखी माणसाच्या हातात पडली तर तो माझ्या नावावर पैसे खर्च करू शकेल का, कुणाची माहिती वाचू शकेल का, माझ्या नावानं बोलू शकेल का? तिन्हींपैकी एकाचंही उत्तर 'हो' असेल तर ती सर्व्हरवर. एसएमएस, ईमेल, एआयच्या सेवा, डेटाबेसचा पासवर्ड, पेमेंटचं सिक्रेट, सगळं यातच येतं.

प्रॉक्सी म्हणजे काय

कॉलेजच्या लॅबमध्ये साइट्स अडवणारा प्रॉक्सी बऱ्याच जणांनी पाहिलेला असतो. तो वापरणाऱ्याच्या बाजूनं उभा असतो. आपल्याला हवा तो उलट्या बाजूचा, आपल्या सेवेच्या दारात उभा असलेला.

जुन्या पेढीवर दिवाणजी असायचा. गिऱ्हाईक तिजोरीला हात लावत नसे. ते दिवाणजीला सांगायचं, दिवाणजी खातं बघायचा, नाव जुळलं तर स्वतः उठून तिजोरी उघडायचा आणि हवं तेवढंच आणून द्यायचा. किल्ली त्याच्या कमरेला. प्रॉक्सीचं काम हेच. ब्राउझर आपल्या सर्व्हरला विचारतो, सर्व्हर आपल्याजवळची किल्ली लावून बाहेरच्या सेवेला विचारतो, उत्तर येतं, त्यातलं लागेल तेवढं ब्राउझरला देतो. किल्ली त्या प्रवासात ब्राउझरपर्यंत कधी येतच नाही.

पण याच चित्रात दुसरी गोष्ट दडलेली आहे, आणि मला मुख्य सांगायचं आहे ते हेच. समजा दिवाणजी येईल त्याला काही न विचारता तिजोरी उघडून देत असेल, तर किल्ली कमरेला असून उपयोग काय? बहुतेक ठिकाणी 'प्रॉक्सी लावा, किल्ली सुरक्षित' एवढंच सांगून थांबतात. प्रॉक्सीनं किल्ली वाचते, किल्लीची ताकद वाचत नाही. ती वाचवायला दारावर चौकशी लागते. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये पहिल्या दोन सोप्या आहेत, खरं काम तिथून पुढं आहे.

पहिली पायरी: किल्लीला घर

सर्व्हरच्या फोल्डरमध्ये एन्व्ह फाइल करा, पण त्याच्याही आधी गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटनं कुठल्या फाइली वगळायच्या त्या यादीत, तिचं नाव लिहा. हा क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्या कमिटमध्ये एकदा गेलेली फाइल नंतर काढली तरी गिटच्या इतिहासात राहते. फाइलची परवानगी ६०० ठेवा, म्हणजे मालकाशिवाय कुणी वाचू शकणार नाही. आणि ही फाइल पब्लिक फोल्डरच्या आत कधीही ठेवू नका. साइट सुरू झाली की तिचा ॲक्सेस लॉग उघडून बघा. कुठून कुठून बॉट येऊन थेट एन्व्ह फाइलचाच पत्ता मागताना दिसतील. तुमचं नाव कुणाला माहीत नसलं तरी ते येतात, कारण ते सगळ्यांचीच दारं वाजवत फिरतात.

सर्व्हर सुरू होताना किल्ली आहे की नाही हे तपासणारी एक ओळ लिहा आणि नसेल तर सर्व्हर सुरूच होऊ देऊ नका. नाहीतर सकाळी पहिला एसएमएस अडकल्यावरच कळतं.

दुसरी पायरी: एक अरुंद रस्ता

सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवायला नोडची सध्या देखभाल होत असलेली आवृत्ती घ्या, १८ पासून पुढं त्यात बाहेरच्या सेवेला हाक मारणारा फेच आयताच आहे. सोबत एक्सप्रेस, आलेल्या रिक्वेस्टना उत्तर द्यायचं पॅकेज. एवढ्यावर काम होतं. पीएचपी किंवा पायथन येत असेल तर त्यातही करता येतं, विचार तोच.

आता एकच रूट, म्हणजे सर्व्हरवरचा एक ठरावीक पत्ता, जवळून बघू, पेढीचाच. माझ्या मूळ कोडमध्ये ब्राउझर एसएमएस सेवेला तीन गोष्टी पाठवत होता: किल्ली, मोबाईल नंबर आणि मजकूर. नवखा माणूस प्रॉक्सी करतो तेव्हा यातली किल्ली तेवढी काढतो. नंबर आणि मजकूर ब्राउझरकडून येतात, सर्व्हर किल्ली चिकटवून पुढं ढकलतो. नेटवर्क टॅबमध्ये आता किल्ली दिसत नाही, म्हणून त्याला बरं वाटतं. पण विचार करा, अनोळखी माणसाला आता किल्लीची गरजच कुठं उरली? तो तुमच्या रूटला नंबर आणि मजकूर पाठवेल, तुमचा सर्व्हर इमानानं किल्ली लावून एसएमएस सोडेल. बिल तुम्हालाच.

म्हणून रस्ता अरुंद करा. आताच्या रूटला ब्राउझर फक्त पट्टीचा क्रमांक पाठवतो, बाकी काही नाही. सर्व्हर आधी बघतो की क्रमांक नुसत्या अंकांचा आहे का. मग डेटाबेसमधून ती पट्टी काढतो. शेतकऱ्याचा मोबाईल नंबर तिथून घेतो, रक्कम तिथून घेतो, मजकुराचा साचा सर्व्हरच्या कोडमध्येच असतो. मग किल्ली हेडरमध्ये लावून एसएमएस सेवेला हाक मारतो. उत्तर आलं की ब्राउझरला 'गेला' किंवा 'गेला नाही' एवढंच सांगतो. शेवटी त्या पट्टीवर 'एसएमएस पाठवला' अशी वेळेसकट नोंद करतो, म्हणजे तीच पट्टी दहा वेळा पाठवता येत नाही.

ब्राउझरकडून जितकं कमी घ्याल तितकं चोराच्या हातात कमी पडतं. पेमेंटलाही हाच नियम. रक्कम ब्राउझरकडून घेऊन रेझरपेची ऑर्डर बनवणारा कोड मी कितीतरी ठिकाणी पाहिलाय. तिथं पंधराशेच्या जागी पंधरा लिहायला एफ१२ पुरतं. वस्तूचा क्रमांक घ्या, किंमत सर्व्हरवर ठरवा.

तिसरी पायरी: दारात कोण उभं आहे

आता दिवाणजीनं खातं बघायचं. रूटवर लॉगिनची तपासणी लावा. लॉगिन झाल्यावर दिलेली सेशन कुकी एचटीटीपी-ओन्ली, सिक्युअर आणि सेमसाइट लॅक्स ठेवा. पहिल्यामुळे पानावरचं जावास्क्रिप्ट ती वाचू शकत नाही, दुसऱ्यामुळे ती एचटीटीपीएसशिवाय जात नाही, तिसऱ्यामुळे दुसऱ्याच साइटवरून आलेल्या पोस्ट रिक्वेस्टसोबत ती जात नाही. लॉगिनचं टोकन लोकल स्टोरेजमध्ये ठेवायचा मोह होईल, पण टाळा. पानात एखादी परकी स्क्रिप्ट घुसली तर पहिला हात ती तिथंच घालते.

लॉगिन आहे एवढ्यानं भागत नाही. ही पट्टी याच पेढीची आहे का, तेही विचारायचं. ॲप चार पेढ्यांना दिलं आणि क्रमांक ओळीनं असले, तर एका पेढीचा कारकून ५०१ च्या जागी ५०२ लिहून दुसऱ्याच्या शेतकऱ्याला मेसेज पाठवू शकतो. डेटाबेसमधून पट्टी काढतानाच 'क्रमांक हा आणि पेढी ही' अशा दोन्ही अटी एकत्र लावा, वेगळं तपासायचं विसरायला होत नाही.

मग मर्यादा. एक्सप्रेससाठी रेट-लिमिटचं तयार पॅकेज मिळतं. एका वापरणाऱ्याला मिनिटाला दहा, त्यापुढं ४२९ ('फार रिक्वेस्ट झाल्या') हा कोड. त्याशिवाय पूर्ण दिवसाची एक वेगळी मर्यादा ठेवा, सगळ्यांची मिळून. ऐन हंगामात पेढीवर दिवसाला दोनशेच्या आसपास पट्ट्या होत, म्हणून मी तीनशेला कुलूप घातलं आणि अडीचशेला मला स्वतःला मेसेज येईल असं केलं. त्या रात्री प्रॉक्सी आणि त्यात ही एक ओळ असती तर नुकसान तीनशे मेसेजवर थांबलं असतं.

इथं एक खड्डा आहे, त्यात मी पडलोय म्हणून सांगतो. एक्सप्रेसच्या पुढं एनजिनएक्स हा वेब सर्व्हर उभा केला की एक्सप्रेसला प्रत्येक रिक्वेस्ट १२७.०.०.१ वरूनच, म्हणजे त्याच मशीनवरून, आल्यासारखी वाटते. मर्यादा आयपीवर लावली असेल तर सगळ्या गावाची मिळून एकच मर्यादा होते आणि खरी गिऱ्हाइकं अडकतात. त्यावर एक्सप्रेसमध्ये 'ट्रस्ट प्रॉक्सी' नावाची सेटिंग आहे. घाईत तिला 'ट्रू' करून टाकू नका. तसं केलं तर येणारा माणूस हेडरमध्ये स्वतःच लिहील तो आयपी खरा मानला जातो, आणि तो दर रिक्वेस्टला नवा आयपी लिहून मर्यादा चुकवतो. पुढं एकच एनजिनएक्स असेल तर तिथं १ हा आकडा लिहा. शक्य असेल तिथं मात्र मर्यादा आयपीऐवजी लॉगिनच्या खात्यावरच लावा. आपल्याकडे मोबाईल नेटवर्कवर अनेक माणसं एकाच आयपीमागे असतात.

आणि कॉर्स, म्हणजे एका साइटच्या पानानं दुसऱ्या साइटचं उत्तर वाचावं का हे ठरवणारा नियम. बऱ्याच जणांची प्रॉक्सीशी पहिली ओळख कॉर्सच्या लाल एररमुळेच होते. तो एरर घालवायला इंटरनेटवरचा एखादा फुकट कॉर्स प्रॉक्सी लावतात आणि किल्लीसकट रिक्वेस्ट त्यातून पाठवतात. म्हणजे आपली किल्ली कुण्या अनोळखी माणसाच्या सर्व्हरवर नेऊन ठेवली. कृपा करून हे करू नका. उलट बाजूनं, कॉर्स लावलं म्हणजे फक्त माझ्याच साइटवरून रिक्वेस्ट येतील, हाही भ्रम आहे. कॉर्स हा ब्राउझरनं पाळायचा नियम आहे. कर्ल (कमांड लिहून रिक्वेस्ट पाठवायचं साधन) तो पाळत नाही, चोराची स्क्रिप्टही पाळत नाही.

चौथी पायरी: सांगेल त्या पत्त्यावर जाऊ नका

दोन-तीन सेवा जोडल्या की वाटतं, प्रत्येकीला वेगळा रूट कशाला? एकच रूट करू, ब्राउझर त्यात यूआरएल पाठवेल आणि सर्व्हर ती उघडून देईल. कोड कमी होतो खरा. पण आता तुमचा सर्व्हर कुणाच्याही सांगण्यावरून कुठंही जातो, आणि तो जिथं उभा आहे तिथून त्याला अशा जागा दिसतात ज्या बाहेरच्याला दिसत नाहीत.

क्लाउडवरच्या मशीनमध्ये १६९.२५४.१६९.२५४ असा एक पत्ता असतो. मशीन आतून त्याला विचारतं आणि स्वतःची माहिती, कधी कधी क्लाउडच्या तात्पुरत्या किल्ल्याही, मिळवतं. बाहेरून तो पत्ता लागत नाही, पण तुमच्या प्रॉक्सीला सांगून आतून लावता येतो. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेची माहिती याच मार्गानं गेली. चुकीच्या सेटिंगमधल्या फायरवॉलला त्या पत्त्यावर पाठवून किल्ल्या काढल्या गेल्या. अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी आणि कॅनडातल्या सुमारे ६० लाख लोकांची माहिती त्यात होती. या प्रकाराला सर्व्हर-साइड रिक्वेस्ट फोर्जरी म्हणतात, आणि वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या २०२१ च्या दहा मोठ्या धोक्यांच्या यादीत त्याला स्वतंत्र जागा मिळाली.

उपाय सोपा आहे. पत्ते सर्व्हरच्या कोडमध्ये ठरलेले असू द्या. ब्राउझर फार तर 'हवामान' किंवा 'दर' असं छोटं नाव पाठवेल, त्या नावाचा पत्ता सर्व्हरकडच्या यादीत असेल तरच हाक जाईल, नाहीतर ४०४. पत्त्यात क्रमांक किंवा गावाचं नाव जोडायचं असेल तर तेही तपासून घ्या. दोन टिंबं आणि तिरकी रेघ घुसवून त्याच सेवेच्या भलत्या रस्त्याला जाता येतं, आणि तिथंही तुमचीच किल्ली लागते.

पावसाळ्यात कामाला येणारी गोष्ट: कॅश

प्रॉक्सीचा एक फायदा सुरक्षेच्या पलीकडचा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ फूट. ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना मोबाईलवर दर पाच मिनिटांनी पाऊस आणि पाणी बघत बसणं म्हणजे काय हे सांगायला नको. पुढं मी गल्लीतल्या लोकांसाठी पावसाचं एक साधं पान केलं: सांगली, कोयनानगर आणि वारणेकाठचं एक ठिकाण. हवामानाची माहिती किल्लीवाल्या सेवेकडून.

शंभर माणसं रिफ्रेश करत बसली की फुकटचा कोटा दुपारपर्यंत संपतो. म्हणून प्रॉक्सी एकदा मिळालेलं उत्तर १० मिनिटं जवळ ठेवतो, यालाच कॅश म्हणतात. तासाला ६, दिवसाला १४४, तीन ठिकाणांचे मिळून ४३२. माणसं शंभर येवोत की दहा हजार, बाहेर जाणाऱ्या हाका तेवढ्याच.

दोन गोष्टी सांभाळा. दहा मिनिटं संपली त्याच क्षणी पन्नास जण एकदम आले तर पन्नास हाका जाऊ नयेत. पहिली हाक चालू असताना बाकीच्यांना तिच्याच उत्तराची वाट बघायला लावा. आणि बाहेरची सेवा बंद पडली तर जुनं उत्तर दाखवा, पण ते किती वाजताचं आहे हे ठळक लिहा. पुराच्या रात्री वेळ न लिहिलेला जुना आकडा माणसाला चुकीच्या निर्णयाकडे नेऊ शकतो. कॅश फक्त सगळ्यांना सारख्याच असणाऱ्या माहितीसाठी ठेवा. एकाची पट्टी दुसऱ्याला दिसेल असं काही कॅशमध्ये घालू नका.

बारीक, पण नडणाऱ्या गोष्टी

बाहेरच्या सेवेचा एरर जसाच्या तसा ब्राउझरला देऊ नका. कधी कधी त्यात अख्खी यूआरएल असते आणि तिच्यातच किल्ली. स्वतःचा छोटा संदेश आणि ५०२ कोड द्या, खरा एरर लॉगमध्ये लिहा. लॉगमध्येही किल्ली आणि ऑथरायझेशन हेडर गाळूनच. सेवा परवानगी देत असेल तर किल्ली यूआरएलऐवजी हेडरमध्येच पाठवा, यूआरएल वाटेतल्या प्रत्येक लॉगमध्ये उमटते.

प्रत्येक हाकेला ५ सेकंदांची मुदत घाला. पण एसएमएससारख्या कामात मुदत संपली म्हणून सर्व्हरनं आपोआप पुन्हा पाठवायचं नाही. मेसेज गेलेला असतो, फक्त उत्तर उशिरा येत असतं, आणि शेतकऱ्याला एकाच पट्टीचे दोन मेसेज जातात.

एनजिनएक्सच्या कॉन्फिगमध्येच किल्लीचा हेडर लावून एक्सप्रेसशिवायही प्रॉक्सी होतो. साध्या, फक्त वाचायच्या माहितीला तो चालेल, पण वर सांगितलेली पट्टी-पेढीची चौकशी तिथं करता येत नाही. शिवाय एनजिनएक्स पुढच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र आपणहून तपासत नाही, ती सेटिंग मुळात बंद असते. ती चालू करा, नाहीतर किल्ली कुणाच्या हातात देतोय हेच त्याला माहीत नसतं.

स्वतःचा सर्व्हर सांभाळायचा नसेल तर क्लाउडफ्लेअर वर्कर्ससारख्या सेवेवर हाच कोड छोट्या फंक्शनच्या रूपात चालतो आणि किल्ली त्यांच्या सिक्रेटच्या कप्प्यात ठेवता येते. छोट्या पेढीला, क्लासला, पतसंस्थेच्या साध्या फॉर्मला ते पुष्कळ झालं. तिसरी पायरी मात्र तिथंही सुटत नाही.

किल्ली आधीच फुटली असेल तर

लेख वाचताना एफ१२ मध्ये किल्ली सापडली असेल तर प्रॉक्सी लिहायला बसण्याआधी हे करा. पैसे जात असतील किंवा चुकीचे मेसेज सुटत असतील तर जुनी किल्ली ताबडतोब रद्द करा, ॲप बंद पडलं तरी चालेल. आण्णांना मी हेच सांगितलं, "आज दिवसभर मेसेज जाणार नाहीत, पट्टी हातात द्या." ते लगेच "बरं" म्हणाले. नुकसान चालू नसेल तर उलट क्रम: नवी किल्ली काढा, प्रॉक्सीत घाला, सगळं चालतंय बघा आणि मग जुनी रद्द करा.

गिटमधून फाइल उडवून समाधान मानू नका. जुन्या कमिटमध्ये, दुसऱ्यांनी केलेल्या क्लोनमध्ये ती राहते. इतिहास पुसायची साधनं आहेत, पण रद्द केलेली किल्ली इतिहासात राहिली तरी बिघडत नाही आणि रद्द न केलेली पुसली तरी धोका जात नाही. त्यानंतर सेवेच्या खात्यात जाऊन गेल्या महिन्याचा वापर तारखेनुसार बघा. चोरी आजच सुरू झाली असं नसतं. लोकांची माहिती गेल्याचं दिसलं तर गप्प बसू नका: सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे अशा घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात. आणि ज्यांची माहिती गेली त्यांना आपण होऊन सांगा. आम्ही त्या दिवशी बसून, ज्या ज्या अनोळखी माणसांचे फोन आले होते त्यांना परत फोन करून खुलासा केला.

चालू करण्याआधीची तपासणी

ही तपासणी आपल्या लॅपटॉपवरून, लॉगिन असलेल्या ब्राउझरमध्ये करायची नाही. अँड्रॉइड मोबाईलवर टर्मक्स हे कमांड लिहायचं ॲप घाला, घरचं वायफाय बंद करून मोबाईल डेटा लावा आणि कर्लनं आपल्याच रूटला हाक मारा. लॉगिनशिवाय ४०१ यायला हवा. मग एका खात्याची कुकी लावून दुसऱ्या पेढीच्या पट्टीचा क्रमांक द्या, ४०४ यायला हवा. मग मिनिटभर थांबून त्याच खात्यातून वीस वेळा ओळीनं हाक मारा, अकराव्यापासून ४२९ दिसायला हवा. पुन्हा मिनिटभर थांबून पट्टी क्रमांकाच्या जागी टिंबं आणि तिरक्या रेघा लिहून बघा, ४०० यायला हवा. एसएमएसच्या खात्यातली शिल्लक आधी लिहून ठेवा आणि नंतर जुळवा. वरच्या हाकांमध्ये जेवढे मेसेज जायला हवे होते तेवढेच कमी झालेत का?

शेवटी बिल्ड केलेल्या साइटवर पुन्हा एफ१२, पुन्हा कंट्रोल-शिफ्ट-एफ, पुन्हा किल्लीची पहिली सहा अक्षरं. काहीच सापडलं नाही, की मग पेढीवर फोन करून सांगा, नव्या हळदीची पहिली पट्टी ॲपमधून करा म्हणून.